अठरा पायऱ्या

"हात वर करा," वॉचमन म्हणाला. "आता वळा. आता बूट पुढे."

मिस्त्रींनी एकेक बूट पुढे केला. वॉचमनच्या पाठीवर झाडांना औषध मारायचा पंप होता. त्यातून त्याने मिस्त्रींना डोक्यापासून तळव्यांपर्यंत भिजवलं. पिशवीही भिजवली. डोळ्यांत चुरचुरायला लागलं.

"याने मरतो का हो तो विषाणू?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोण जाणे. साहेब बघतायत वरून, म्हणून दोनदा मारलं."

चौथ्या मजल्याच्या गॅलरीत सोसायटीचे चेअरमन उभे होते. तोंडाला दोन मास्क, हातात रबरी मोजे. त्यांनी वरूनच आवाज दिला, "मिस्त्री, जिन्याने या. बाहेरच्या माणसाने लिफ्ट वापरायची नाही. ठराव झालाय."

"साहेब, मी लिफ्टच बघायला आलोय."

"बघा ना. पण जिन्याने जाऊन बघा."

वॉचमनने मान खाली घातली, हसू लपवायला. मिस्त्रींनीही हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. एकतीस वर्षं ते लिफ्टचं काम करत होते, त्यातली बावीस या इमारतीत. आठ मजले, प्रत्येक मजल्याला अठरा पायऱ्या. मशीनची खोली गच्चीवर. पिशवीचं वजन बारा किलो आणि वय छप्पन्न. येताना तीन नाक्यांवर पोलिसांनी पास बघितला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अशा दिवसांत ज्याला घराबाहेर पडावं लागतं, त्याला जग आधी पास मागतं, मग फवारतं आणि मग जिना दाखवतं.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाई पायरीवर बसली होती. भिंतीला डोकं टेकलेलं, डोळे मिटलेले, गालांवर मास्कच्या कडांचे लाल वळ. शेजारी डब्याची पिशवी. पावलांचा आवाज ऐकून तिने डोळे उघडले आणि घाईघाईने मास्क वर ओढला.

"काका? तुम्ही पण जिन्याने?"

"ठराव झालाय म्हणे."

"तुमच्यावर आज झाला. माझ्यावर होऊन तीन आठवडे झाले." ती बाजूला सरकून बसली. "मला लिफ्ट बंद, आईला चालू. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, हे त्या विषाणूला कुणी कळवलं नाही वाटतं."

ती पाचव्या मजल्यावरची नर्स. सरकारी दवाखान्यात, त्याच वॉर्डात, ज्याचं नाव काढलं की लोक दोन पावलं मागे जात.

"रात्रपाळी?"

"बारा तासांची. काल संध्याकाळी टाळ्या वाजवल्या बघा आमच्यासाठी. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. मी आईच्या गोळ्या आणून गेटवर उभी होते तेव्हा. टाळ्या संपेपर्यंत मला आत सोडलं नाही, गर्दी होईल म्हणून."

दोघंही हसले. हसता हसता तिला खोकला आला आणि खोकला आला म्हणून ती एकदम गप्प झाली, वर-खाली बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मिस्त्रींना ते बघवलं नाही.

"ताई कशा आहेत? आई तुझी?"

"छातीचं चालूच आहे. गोळ्यांवर आहे. पुढच्या आठवड्यात तपासायला न्यायचंय. घरी चला म्हणाले असते, पण नको. मी अशी आलेली."

"पुढच्या खेपेला."

"आई खुर्ची काढून ठेवते अजून तुमच्यासाठी," ती म्हणाली.

त्या खुर्चीची गोष्ट सांगायला हवी. ही नर्स सात वर्षांची असताना शाळेतून येताना लिफ्टमध्ये एकटीच अडकली होती. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. वीज गेली, अंधार झाला आणि पोर किंचाळायला लागली. तेव्हा मिस्त्री लिफ्टच्या टपावर उतरले आणि वरून म्हणाले, "बाळ, शाळेत काय गाता?" "प्रार्थना." "मग गा. तू गात राहिलीस की मला कळेल तू तिथे आहेस. थांबलीस की माझे हात थांबतील." चाळीस मिनिटं ती गात होती, चाळीस मिनिटं मिस्त्री गच्चीवरच्या मशीनचं चाक हाताने फिरवत लिफ्ट एकेक बोट वर घेत होते. पोर बाहेर आली ती आईच्या पोटाला चिकटली. आईने एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने घरातून एक लाकडी खुर्ची ओढत आणली, हातांची, वेताच्या बैठकीची. "आधी बसा," ती म्हणाली. "तुमचे हात किती कापतायत बघा." मिस्त्रींना तोवर ते कळलंच नव्हतं. त्या दिवसापासून लिफ्टच्या कामाला आलं की पाचव्यावर थांबायचं, त्या खुर्चीवर बसायचं, चहा प्यायचा आणि मग पुढे, असा रिवाज पडला होता. नंतर खुर्चीला निळी उशी आली, चार बंदांनी बांधलेली. "पाठ दुखते म्हणालात ना," एवढंच ताई म्हणाल्या होत्या.

मिस्त्री गच्चीवर पोचले, मशीनची खोली उघडली, घाम पुसला. तेवढ्यात फोन वाजला. चेअरमन.

"मिस्त्री, पाचवा मजला बंद करायचा."

"म्हणजे?"

"लिफ्ट पाचव्यावर थांबता कामा नये. करता येतं ना?"

येतं. दोन तारांचं काम. एक लिफ्टमधल्या पाच नंबरच्या बटणाची, दुसरी मजल्यावरच्या बटणाची. काढल्या की लिफ्टच्या लेखी पाचवा मजला नाहीच.

"साहेब, तिथे कुणी बाधित आहे का?"

"अजून नाही."

"मग?"

"मग काय, होईपर्यंत थांबायचं? पाचव्यावर दोनच घरं. समोरचे गावाला गेलेत. राहिली ती नर्स. रोज त्या वॉर्डातून येते. जिन्याने जाते म्हणते, पण लक्ष कोण ठेवणार? पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"तिची आई आजारी असते."

"आजारी माणसाने घरातच बसावं, असं सरकारच सांगतंय."

मिस्त्रींनी फोन ठेवला आणि आपल्या कंपनीच्या साहेबांना लावला. साहेब म्हणाले, "ते म्हणतील ते करा. जुनं गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे निम्मी माणसं घरी बसवलीत, तुम्हाला ठाऊक आहे. वाद नको."

निम्म्यांमध्ये आपलं नाव नाही, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. ते तसंच राहावं असंही वाटत होतं. त्यांनी मेन बंद केला, पेटी उघडली, पेचकस घेतला. दोन तारा काढल्या, टोकांना टेप गुंडाळली. दहा मिनिटांचं काम.

खिळ्याला वही लटकत होती. मिस्त्रींच्या गुरूंचा एक दंडक होता. ते म्हातारे मिस्त्री म्हणायचे, "काढलेली तार आणि मारलेली थाप, दोन्ही माणूस विसरतो. म्हणून तार काढली की त्याच दिवशी वहीत लिही. कुठली काढली, कुणी सांगितली, कुणी काढली." एकतीस वर्षांत मिस्त्रींनी एकदाही चुकवलं नव्हतं. त्यांनी वही उघडली, कार्बन सरकवला, तारीख घातली. फोन पुन्हा वाजला.

"आणि हे वहीत नको," चेअरमन म्हणाले. "बिघाड थोडाच आहे?"

मिस्त्रींनी तारखेवर एक आडवी रेघ मारली आणि वही मिटली.

उतरताना पाचव्या मजल्यावर त्यांनी पिशवी छातीशी कवटाळली. आतली हत्यारं वाजू नयेत म्हणून. दारापलीकडून ताईंच्या खोकल्याचा आवाज आला, मग भांड्याचा. मिस्त्री चवड्यांवर चालत पुढे गेले. स्वतःच्या कामाच्या जागेतून ते चोरासारखे उतरले.

घरी बायको मास्क शिवत बसली होती. देऊळ बंद होतं, म्हणून रोज सातला कीर्तन करणारे बुवा फोनवर येत. मिस्त्रींना त्याचं भारी वेड. बुवांनी पद धरलं की यांचा हात आपोआप गुडघ्यावर पडायचा.

"ताल चुकतोय," बायको मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

"दमलोय."

फोनमधून बुवा सांगत होते, "देव दाराशी येतो तेव्हा नाव सांगत नाही रे. दमलेला होऊन येतो. पायरीवर बसतो. आणि आपण काय करतो?" मिस्त्रींनी फोन बंद केला.

"अहो, आता तर रंगात आलं होतं."

"डोकं दुखतंय."

"जेवायला वाढू का?"

"नको."

बायकोने पाय थांबवले, सुई वर केली. "कुणाशी भांडलात?"

"भांडायला हवं होतं," मिस्त्री म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पाचव्या दिवशी नर्सचा निरोप आला. 'काका, पाचव्याचं बटण चालत नाहीये. चेअरमन म्हणाले बिघाड आहे, लॉकडाऊनमुळे पार्ट मिळत नाही, मिस्त्रींना सांगितलंय. शुक्रवारी आईला तपासायला न्यायचं होतं, ते आठवडाभर पुढे ढकललंय. तेवढ्यात होईल ना?'

मिस्त्रींनी तो तीनदा वाचला. खरं लिहायला घेतलं, चार ओळी झाल्या, सगळ्या पुसल्या. मग एकच शब्द लिहिला आणि पाठवला.

'बघतो.'

त्यानंतर सहा दिवसांनी चेअरमनचा फोन आला. या वेळी आवाज मऊ होता. "मिस्त्री, येऊन जा जरा. पाचवा चालू करून टाका."

गेटवर वॉचमन होता, पण पाठीवर पंप नव्हता. पास बघितला नाही, ताप मोजला नाही. नुसतं गेट उघडलं.

"आज फवारा नाही?"

"नाही मारत," वॉचमन म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "पाचव्यावरच्या आई गेल्या. मंगळवारी."

मिस्त्रींनी गेटची सळई धरली. "त्याने?"

"कसलं त्याने. तपासलं ना दोघींना, दोघीही निगेटिव्ह. छातीतच दुखलं." वॉचमनने मास्क खाली ओढला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "सकाळचे साडेसहा. ती नुकतीच पाळीवरून आलेली. अर्ध्या तासात दवाखान्याची गाडी आली. गाडीवाले दोघंच. म्हणाले, आम्हाला वर जायचा हुकूम नाही, लिफ्टने खाली आणा. ही बटण दाबतेय, लिफ्ट येतेय कुठे. धावत चौथ्यावर आली, तिथलं बटण दाबलं तर दिवा लागला. म्हणजे एकच मजला उतरवायचा होता, मिस्त्री. एक मजला. दारं वाजवली तिने. चौथ्यावरची दोन्ही. सहाव्यावरचा एक जण कठड्यावरून वाकला आणि काय म्हणाला ठाऊक आहे? 'मास्क लावलाय का त्यांनी?'"

"मग?"

"मग काय. खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि एकटीच एकेक पायरी उतरवायला लागली. मी खाली उभा. वॉचमनने वर जायचं नाही, ठराव आहे. मी गेलो नाही." त्याने जिन्याकडे हात केला. "खुर्चीचे पाय वाजत होते. ठक, ठक. मी मोजत होतो. नऊ मोजले. मग थांबलं."

मिस्त्रींनी पिशवी खांद्यावर घेतली.

"त्यानंतर गेलो. आता कशाला गेलास म्हणाले साहेब. गाडीवालेही आले मग धावत. ती तिथेच वळणावर आईची छाती दाबत होती. किती वेळ दाबत होती. मीच शेवटी तिचे हात धरले."

मिस्त्री जिना चढायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा मजला. चौथ्यावर चेअरमनचं दार बंद होतं, दारावर पितळी नावाची पाटी आणि खाली कागद: 'आमचे आरोग्यसैनिक, आमचा अभिमान.' तिथून नऊ पायऱ्या वर, वळणावर, ती खुर्ची उभी होती. निळी उशी, तिचे चार बंद. एका हाताला चादरीची गाठ तशीच. चार दिवस झाले होते. येणारे-जाणारे भिंतीला घासून तिच्यापासून लांब जात असावेत, कारण भिंतीचा चुना तेवढ्याच पट्ट्यात पुसला गेला होता. खुर्चीला कुणी हात लावला नव्हता. लावायला कारणही नव्हतं. लोकांच्या लेखी ती मेलेल्या माणसाची वस्तू होती, आणि त्यातून नर्सच्या घरची.

मिस्त्रींनी तिथून नऊ पायऱ्या खाली बघितलं. पितळी पाटी इथून वाचता येत होती.

गच्चीवर चेअरमन वाट बघत होते. सहा फुटांवर खडूने एक रेघ मारलेली, तिच्यापलीकडे. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "कुणाच्या हातात असतं का हो. वेळ आली की आली."

मिस्त्रींनी मेन बंद केला, पेटी उघडली. दोन्ही टोकांची टेप सोडवली, तारा जागेवर बसवल्या, पेच आवळले.

"आणि एक," चेअरमन म्हणाले. "तिने तक्रार केलीय. माणसं येतील तपासायला. तेव्हा वहीत तेवढं लिहून ठेवा. अकरा दिवसांपूर्वीच्या तारखेला पाचव्याचं बटण बिघडलं, पार्ट नाही, म्हणून बंद. खाली मी सही करतो."

"मागची तारीख घालून?"

"तुमच्याही भल्याचंच आहे. तार कुणी काढली, हे निघालं तर तुम्ही पहिले अडकाल."

मिस्त्री वळले. एकतीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकावर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"मी एकतीस वर्षं अडकलेल्यांना बाहेर काढतोय, साहेब. आता मी अडकतो."

"उगाच तत्त्वज्ञान नको. माझ्या घरात दीड वर्षाचा नातू आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"दार उघडलं असतं."

"कुठलं दार?"

"तुमचं. नऊ पायऱ्यांवर होतं. तिने वाजवलं, तुम्ही आत होता. तुमच्या दाराशी लिफ्ट उभी होती आणि तिच्यापासून नऊ पायऱ्या वर ताई बसल्या होत्या. ठकठक ऐकू आली नाही?"

चेअरमनांनी गच्चीच्या कठड्याकडे बघितलं. "टीव्ही चालू होता," ते म्हणाले.

"टाळ्यांच्या दिवशी बरी ऐकू आली खालून वॉचमनची शिट्टी. गॅलरीत पहिले तुम्ही होता. हातमोजे काढून वाजवत होता, आवाज नीट यावा म्हणून. वॉचमनने सांगितलं मला. देव काय टाळ्यांना भुलतो का, साहेब? त्याला कान नसतील, पण पायऱ्या त्यालाही मोजता येतात."

"तोंड सांभाळा. तुमच्या साहेबांशी बोलतो मी. आणि तार तुम्ही काढलीत, मी नाही."

"हो," मिस्त्री म्हणाले. "तेच लिहितोय."

त्यांनी खिळ्यावरून वही काढली. अकरा दिवसांपूर्वीची ती तारीख होती, तिच्यावरची आडवी रेघ होती. तिला त्यांनी हात लावला नाही. खाली आजची तारीख घातली, दोन पानांमध्ये कार्बन नीट बसवला आणि पेन दाबून लिहिलं, खालच्या पानावरही उमटावं असं:

'वरील खोडलेल्या तारखेला पाचव्या मजल्याच्या दोन तारा काढल्या. बिघाड नव्हता. सोसायटीच्या चेअरमनांनी सांगितलं, आमच्या साहेबांनी होकार दिला. काढल्या मी स्वतः. वहीत लिहिलं नाही, तेही मी स्वतः. पाचव्यावर राहणाऱ्यांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं नाही. अकरा दिवस मजला बंद होता. आज तारा लावल्या.'

खाली सही केली. वही रेघेपलीकडे धरली. "तुमची सही."

"मी करणार नाही."

"नका करू. रिकामी जागाही वाचता येते."

त्यांनी कार्बनखालचं पिवळं पान फाडून घेतलं, वरचं पांढरं वहीतच ठेवलं, वही पिशवीत टाकली. ती कंपनीची होती, चेअरमनची नव्हती.

गच्चीवरून ते उतरले, पाचव्यावर थांबले नाहीत. वळणावर आले. चादरीची गाठ सोडवली. चार दिवसांत ती आवळून दगड झाली होती, दातांनी सोडवावी लागली. चादर घडी करून उशीवर ठेवली. पिवळं पान उशीच्या बंदाखाली सरकवलं. मग पिशवी खांद्याला लावून त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि खाली उतरायला लागले. राहिलेल्या नऊ पायऱ्या. खुर्चीचा एकही पाय पायरीला लागू दिला नाही.

चौथ्यावर त्यांनी लिफ्ट बोलावली. पितळी पाटीच्या दारातलं भिंग काळं झालं. आत कुणीतरी डोळा लावला होता. मिस्त्रींनी त्या डोळ्याकडे पाठ केली. लिफ्ट आली. खुर्ची मधोमध ठेवली, तोंड दाराकडे करून, माणूस बसलेला असावा तशी. आतली जाळी ओढली, बाहेरचं दार लावलं आणि स्वतः जिन्याला लागले. अठरा पायऱ्या. बाराव्या पायरीवर छाती भरून आली. ते थांबले नाहीत.

पाचव्यावरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

वर मोटर गुरगुरली. लिफ्ट वर यायला लागली आणि तो आवाज ऐकून समोरचं दार उघडलं. इतक्या दिवसांत लिफ्ट या मजल्यावर थांबली नव्हती. नर्स दारात उभी राहिली. घरातला गाऊन, विस्कटलेले केस, गालांवरचे वळ आता काळपट झालेले.

लिफ्ट थांबली. मिस्त्रींनी दार उघडलं, जाळी सरकवली.

तिने खुर्ची बघितली. मग आत जाऊन बंदाखालचं पान काढलं आणि तिथेच, लिफ्टमध्ये उभी राहून वाचलं. पूर्ण वाचलं, सहीपर्यंत. मिस्त्री भिंतीला धरून धापा टाकत होते.

"बघतो, म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हो."

"मी आईला रोज सांगायचे. काका येतायत. पार्ट आला की येतायत. ती म्हणाली, ते येतील तेव्हा लिंबू आणून ठेव, त्यांना चहापेक्षा सरबत बरं, उन्हातून येतात." तिने पान घडी केलं. "त्या दिवशी वळणावर मी किंचाळत होते, काका. आठवतं, तुम्ही मला गायला सांगितलं होतं? कुणाला तरी कळावं मी तिथे आहे म्हणून. सगळ्यांना कळलं होतं हो. सगळ्यांना कळलं होतं."

मिस्त्रींनी भिंतीवरचा हात काढला. ते सरळ उभे राहिले.

"हे पान मी तपासणीला देणार," ती म्हणाली. "तुमचं नाव आहे म्हणून गाळणार नाही."

"त्यासाठीच लिहिलंय."

"आणि माफ वगैरे मी करणार नाही."

"मी मागायला आलो नाही. खुर्ची आणली."

तिने मान हलवली. खुर्चीची पाठ धरली आणि ओढली. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी एका रेषेत होती, केसाएवढाही चढ-उतार नव्हता. बावीस वर्षं मिस्त्रींनी ती तशी ठेवली होती, कुणाचा पाय अडखळू नये म्हणून. खुर्चीचे चारही पाय त्या फटीवरून सरळ आले, कुठेही वाजले नाहीत.

घराचं दार हळू लागलं. आत खुर्ची ठेवल्याचा आवाज आला, खिडकीजवळ, तिच्या जागेवर.

लिफ्ट उघडीच होती, रिकामी, आतला दिवा लावून. मिस्त्रींनी पिशवी उचलली. जाळी ओढली, बाहेरचं दार खटका पडेपर्यंत नीट लावलं, कारण दार उघडं राहिलं तर लिफ्ट हलत नाही आणि खाली कुणाला हवी असली तर मिळत नाही. मग ते जिन्याकडे वळले.